मुका सारथी

रहिमतपूरचे रेल्वे स्टेशन म्हणजे एके काळी औंधची वेसच होती. दूरगावचे उतारू तेथे उतरत आणि बैलगाडीने औंधची वाट धरीत. रात्रीचा प्रवास असला, की अर्ध्या वाटेवर गाडीवानाचा डोळा लागे. कासरा हातात सैल होई, मान छातीवर येई. परंतु गाडी थांबत नसे. वाट बैलांच्या पायाखालची होती. चाकोरी न सोडता ती मुकी जनावरे यमाईच्या डोंगराच्या रोखाने चालत राहत आणि उजाडता उजाडता गाडी गावात येऊन पोहोचे.

आता अशी कल्पना करा, की वाटेत उजव्या बैलाच्या खुरात खडा रुतला. तो लंगडू लागला. गाडी एका अंगाला ओढ घेऊ लागली. डावा बैल शहाणा. त्याने मान तिरकी करून जू सावरले आणि दुप्पट जोर लावून गाडी चाकोरीतच ठेवली. गाडीवान घोरतच आहे. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. इतक्यात एका धक्क्याने तो जागा होतो आणि काही न पाहता, काही न विचारता, डाव्या बैलाचा कासरा खसकन ओढतो. ज्याने गाडी सावरून धरली होती त्याचीच मान सुटते आणि गाडी नाल्यात जाते. दोष बैलाचा नव्हे. बैलाने आपले काम चोख केले होते. तो किती ओझे सोसत आहे एवढे मात्र त्याला सांगता आले नाही.

विमानातही असा एक मुका सारथी असतो. त्याला ऑटोपायलट, म्हणजे स्वयंचालक, असे म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानांत तो असतोच. पण दोन-चार माणसे बसतील अशा अनेक लहान विमानांतही आता तो बसवलेला असतो. त्याला कामाला लावणे सोपे आहे. एक कळ दाबली की झाले. त्याच्याकडून विमान परत आपल्या हाती घेणे मात्र शिकावे लागते.

आपल्या देशात टपालाची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा हा सारथी कोणाच्या सोबतीला नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या लहानशा विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. नकाशावर जुहूपासून बल्लारीपर्यंत पट्टीने रेघ ओढून पाहा. ती औंधच्या अगदी जवळून जाते. या वैमानिकांना सारा मार्ग स्वतःच्या हातापायांनीच विमान सांभाळावे लागे. त्यात श्रम फार होते. पण एक लाभही होता. वाऱ्याचा झोत आला किंवा इंजिनाचा जोर थोडासा उणावला, तर ते प्रथम वैमानिकाच्या मनगटाला कळे. विमान काही लपवून ठेवीत नसे.

हातांनी विमान चालवणे म्हणजे नेमके काय? पाण्यातील होडीला वल्हवणारा फक्त डावीउजवीकडे वळवतो. विमानाला तीन प्रकारे सावरावे लागते. त्याचे नाक खालीवर होते, पंख एका बाजूला कलतात आणि शेपटी डावीउजवीकडे सरकते. पहिल्या दोन हालचाली वैमानिक समोरच्या हँडलने ताब्यात ठेवतो. हँडल ओढले की नाक वर, लोटले की खाली. फिरवले की पंख कलतात. तिसऱ्या हालचालीसाठी पायांशी दोन पट्ट्या असतात. त्यांनी शेपटीचे सुकाणू वळते. याशिवाय गुडघ्याजवळ एक लहान चाक असते, त्याला ट्रिमचे चाक म्हणतात. विमानाचे नाक खाली जाऊ पाहत असेल, तर हँडल सतत ओढून धरावे लागते आणि हात भरून येतो. ट्रिमचे चाक योग्य तेवढे फिरवले, की हा ताण जातो आणि बोटांच्या टोकांनीही विमान सरळ राहते. या चाकाची ओळख नीट ठेवावी; पुढे त्याची पुष्कळ गरज पडणार आहे.

हे सारे काम यंत्राने करावे, ही कल्पना भोवऱ्यातून निघाली. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सहजासहजी सोडत नाही. एल्मर स्पेरी या अमेरिकन शोधकाने आणि त्याच्या लॉरेन्स या मुलाने असा भोवरा विमानात बसवला. विमान कलले तरी भोवरा आपल्या दिशेला चिकटून राही. दोहोंत जो फरक पडे, त्यावरून पंख आणि शेपटी सावरणारी यंत्रणा काम करी. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सेन नदीवर भरलेल्या स्पर्धेत लॉरेन्सने आपले पाण्यावर उतरणारे विमान परीक्षकांसमोरून नेले. त्याचा यंत्रज्ञ सोबती एमिल काशँ एका पंखावर चालत गेला. पंख त्या भाराने कलायला हवा होता. पण यंत्राने तो तत्काळ सावरला. लॉरेन्सने आपले दोन्ही हात वर करून दाखवले तेव्हा काठावरच्या लोकांनी एकच जयघोष केला. लॉरेन्स त्या वेळी २१ वर्षांचा होता.

पुढे १९३३ च्या जुलैत वायली पोस्ट या अमेरिकन वैमानिकाने एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिला ७ दिवस, १८ तास आणि ४९ मिनिटे लागली. इतका वेळ एकटा माणूस हँडल धरून बसू शकला नसता. त्याच्याजवळ स्पेरींचा स्वयंचालक होता. तथापि पोस्टने त्याच्यावर सारा भार टाकला नाही. तो हातात एक पाना धरून ठेवी आणि तो दोरीने बोटाला बांधलेला असे, असे सांगतात. डुलकी लागली की पाना हातातून निसटे, बोटाला हिसका बसे आणि पोस्ट जागा होई. रहिमतपूरच्या गाडीवानाला ही युक्ती सुचली असती तर बरे झाले असते.

आजच्या लहान विमानातील स्वयंचालक आकाराने एखाद्या कंपासपेटीएवढा दिसतो. तो पंख सरळ ठेवतो, सांगितलेल्या दिशेने विमान नेतो आणि सांगितलेली उंची राखतो. त्याच्या आज्ञेवरून लहान मोटारी हँडलाच्या तारा ओढतात. अनेक विमानांत ट्रिमसुद्धा तोच फिरवतो. या मोटारी फार बळकट नसतात. वैमानिकाने जोर लावला तर त्यांची पकड घसरावी, अशीच त्यांची रचना असते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बहुतेक लहान विमानांत इंजिनाचा जोर कमीअधिक करणे स्वयंचालकाच्या हाती नसते. ते काम वैमानिकाचेच राहते.

यातून काय घडू शकते, हे एका छोट्या उड्डाणावरून समजेल. समजा, एक विमान बारामतीहून कऱ्हाडला निघाले आहे. अंतर सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर; ताशी १८० किलोमीटर वेगाने पाऊण तासही लागू नये. नीरा नदी मागे पडते, फलटण उजव्या हाताला राहते आणि समोर महादेवाच्या डोंगररांगा येतात. वैमानिक समुद्रसपाटीपासून ६,५०० फुटांवर स्थिर होतो, स्वयंचालकाला उंची आणि दिशा नेमून देतो आणि नकाशा उघडतो. खाली माण-खटावचा उघडा, तांबूस मुलूख पसरला आहे. येरळेचे कोरडे पात्र दिसते. सारे शांत आहे.

आता इंजिनाचा जोर काही कारणाने थोडा कमी झाला. हातांनी चालवलेले विमान असते, तर नाक आपोआप खाली झुकले असते आणि वैमानिकाला तत्काळ कळले असते. पण स्वयंचालकाला ६,५०० फूट उंची राखायची आज्ञा आहे. तो इमानाने नाक थोडे वर करतो. उंची टिकते, वेग मात्र घटतो. वेग घटला म्हणून विमान पुन्हा खाली येऊ पाहते. तो नाक आणखी वर करतो आणि ट्रिमही त्याच बाजूला फिरवतो. उंचीच्या तबकडीवरचा काटा जागचा हललेला नाही. हलला आहे तो वेगाचा काटा, आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही. वेग फारच उतरला, की पंखांवरून सुरळीत वाहणारी हवा तुटते आणि पंख विमानाला पेलू शकत नाहीत. नेमक्या त्याच क्षणी स्वयंचालक सुटला किंवा सोडला, तर वैमानिकाच्या हाती येते ते नाक वर चढलेले, ट्रिम बिघडलेले आणि कोसळण्याच्या बेतात असलेले विमान.

हे केवळ लहान विमानांतच घडते असे नाही. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी तैपेईहून लॉस एंजेलिसला निघालेले एक बोइंग ७४७ विमान पॅसिफिक महासागरावरून ४१,००० फुटांवर जात होते. आत २७४ माणसे होती. उजव्या पंखाच्या टोकाकडील इंजिनाचा जोर गेला. विमान उजवीकडे ओढ घेऊ लागले. स्वयंचालकाने हँडल डावीकडे फिरवून ते सरळ ठेवले. ओढ वाढली तसा तो हँडल आणखी फिरवीत गेला आणि शेवटी त्याची मर्यादा आली. शेपटीचे सुकाणू वळवणे त्याच्या कामात नव्हते. ते वैमानिकाने पायाने वळवायचे होते आणि ते वळवले गेले नाही. वेगही घटत चालला होता. दीर्घ प्रवासाने थकलेल्या कप्तानाचे लक्ष त्या घटत्या वेगावर होते. नाक खाली करावे म्हणून त्याने स्वयंचालक सोडला. डाव्या बैलाचा कासरा ओढला गेला. विमान उजवीकडे उलथले, ढगात शिरले आणि अडीच मिनिटांत सुमारे ३०,००० फूट खाली आले. ढगांतून बाहेर पडल्यावर क्षितिज दिसले, तेव्हा कुठे ९,५०० फुटांवर वैमानिकांना ते सावरता आले. विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दोघांना गंभीर इजा झाली. परंतु सारे प्रवासी जिवंत राहिले. उंची पुष्कळ होती म्हणून हे शक्य झाले. खटावच्या पठारावरून उडणाऱ्या लहान विमानाजवळ ३०,००० फूट नसतात.

म्हणूनच चांगला वैमानिक स्वयंचालक सोडण्यापूर्वी ‘हा आता काय सोसत आहे?’ असे पाहतो. त्याला दोन-तीन क्षणच लागतात. वेगाचा काटा कोठे आहे? हँडल मध्यावर आहे की एका बाजूला वळलेले आहे? ट्रिमची खूण नेहमीच्या जागी आहे की पार टोकाला गेली आहे? ज्या विमानांत एका वेळी एकाच पंखातील टाकीचे पेट्रोल वापरतात, त्यांत एक पंख हलका आणि दुसरा जड झाला आहे काय? जड पंखही स्वयंचालक मुकाट्याने उचलून धरतो. सोडला की तो पंख खाली पडतो. एवढे पाहून झाल्यावर वैमानिक एका हाताने हँडल घट्ट, पण न आवळता, धरतो. दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवतो. शेजारी दुसरा वैमानिक असेल तर ‘विमान माझ्या हाती आहे’ असे मोठ्याने म्हणतो. कारण तो समजतो याच्या हाती, हा समजतो त्याच्या हाती आणि विमान कोणाच्याच हाती नाही, असेही प्रसंग घडले आहेत. मग हँडलावरचे तांबडे बटण अंगठ्याने दाबतो. इशाऱ्याचा सूर वाजतो, दिवा विझतो. तरीही तो हँडल किंचित हलवून पाहतो. मोटारीची पकड खरोखर सुटली आहे, याची खात्री दिव्यापेक्षा हाताने झालेली बरी. त्यानंतर विमान सरळ ठेवायला लागेल तेवढाच जोर लावून तो ट्रिमच्या चाकाने हातावरचा ताण उतरवतो.

स्वयंचालक चालू असताना त्याच्याशी झोंबी घेणे ही दुसरी मोठी चूक होय. नाक वर जात आहे असे वाटले म्हणून वैमानिक हँडल पुढे लोटतो. मोटारीची पकड घसरते आणि नाक खाली जाते. त्याला वाटते, काम झाले. पण स्वयंचालक अजून जागा आहे. नेमून दिलेली उंची सुटली, एवढेच त्याला कळते. तो ट्रिम उलट दिशेने, नाक वर करण्याकडे, फिरवू लागतो. वैमानिक जितका नेटाने लोटतो तितके ट्रिम अधिक फिरते. शेवटी एक जण सोडतो आणि साठलेला सारा जोर एकदम मोकळा होतो. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे उतरत असलेल्या एका एअरबस विमानात हेच घडले. पुन्हा वर चढण्याची आज्ञा देणारी कळ चुकून दाबली गेली. विमान उतरवण्यासाठी वैमानिक हँडल पुढे लोटत राहिला आणि स्वयंचालक शेपटीची आडवी फळी नाक वर करण्याकडे फिरवीत राहिला. मागाहून स्वयंचालक सोडला गेला, पण फळी तशीच राहिली. विमान उभे चढले, त्याचा वेग संपला आणि ते धावपट्टीजवळ कोसळले. २७१ जणांपैकी २६४ जण दगावले. स्वयंचालक आपल्याला नको ते करीत असेल, तर त्याला विरोध करीत बसू नये. प्रथम सोडावा, मग विमान सावरावे.

एखादे वेळी यंत्रच बिघडते आणि ट्रिमचे चाक आपण होऊन गरगर फिरू लागते. अशा वेळी हँडल दोन्ही हातांनी धरायचे आणि तांबडे बटण दाबून धरायचे. दाबून सोडून द्यायचे नाही, कारण पुष्कळ विमानांत बटण दाबलेले असेपर्यंतच ट्रिमची मोटर थांबून राहते. मग फळ्यावरची स्वयंचालकाची मुख्य कळ बंद करायची. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्याला वीज पुरवणारे, वर उठवून बंद करण्याचे लहान बटण असते, ते ओढायचे. घरात फ्यूज काढल्यावर जशी त्या वाटेची वीज जाते, तसेच हे आहे. नंतर ट्रिमचे चाक हाताने जागेवर आणायचे आणि त्या उड्डाणात तो स्वयंचालक पुन्हा सुरू करायचा नाही. हे ओढायचे बटण नेमके कोठे आहे, हे आकाशात शोधू लागलेला वैमानिक उशीर करून बसलेला असतो. शहाणा वैमानिक जमिनीवर असतानाच त्याच्यावर बोट ठेवून येतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो स्वयंचालक मुद्दाम सुरू करतो, हँडल ओढून त्याची पकड घसरते का ते पाहतो, तांबडे बटण दाबून तो सुटतो का ते पाहतो आणि ट्रिम उड्डाणाच्या खुणेवर आहे याची खात्री करूनच धावपट्टीकडे वळतो.

कोणत्या विमानात कोणती कळ कोठे आहे आणि जमिनीपासून किती उंचीच्या खाली स्वयंचालक वापरू नये, हे त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते सर्वत्र सारखे नसते. एका विमानाची सवय दुसऱ्यात नेणारा वैमानिक फसतो.

आपल्या भागातील एप्रिल-मे महिन्यांचे ऊन हीदेखील एक परीक्षाच असते. दुपारी माण-खटावची जमीन तापते, तापलेली हवा खांबासारखी वर चढते आणि तिच्या शेजारीच थंड हवा खाली उतरते. अशा हवेतून जाणारे लहान विमान गाडी खड्ड्यांतून जावी तसे उसळते. स्वयंचालक प्रत्येक उसळीला उत्तर देऊ पाहतो. वर उचलले की नाक खाली, खाली ढकलले की नाक वर. त्याची आणि वाऱ्याची ती ओढाताण वाढली, की वैमानिक स्वयंचालक सोडतो, वेग बेताचा ठेवतो, पंख सरळ राखतो आणि शंभर-दोनशे फुटांची चढउतार होऊ देतो. जाणता गाडीवान खडकाळ उतारावर बैलांच्या भरवशावर बसत नाही. कासरा हाती घेऊन जुवाजवळ सरकतो, पण ओढीतही नाही.

बारामतीहून निघालेले ते विमान आता औंधजवळ आले आहे. डाव्या हाताला यमाईचा डोंगर आणि त्याच्या अंगावरील वस्तुसंग्रहालयाची इमारत दिसते. येथून कऱ्हाड वीस मिनिटांपेक्षाही जवळ आहे आणि थोड्याच वेळात उंची सोडावी लागेल. वैमानिक नकाशा घडी करून बाजूला ठेवतो. वेगाचा काटा पाहतो, ट्रिमची खूण पाहतो, दोन्ही टाक्यांतील पेट्रोल पाहतो. हात हँडलावर, पाय पट्ट्यांवर. अंगठा बटणावर दाबला जातो, सूर वाजतो आणि विमान जराही न डगमगता आपल्या वाटेने चालत राहते. इंजिनाचा जोर थोडा कमी करून तो नाक किंचित खाली करतो. दूरवर कृष्णा-कोयनेच्या संगमाचे पाणी चकाकू लागलेले असते.